चौकातल्या दिव्याचा खर्च आणि कापसाचा खर्च



पुण्याच्या मार्केट यार्डात माल घेऊन गेलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने वाघोली सोडल्यावर खराडीपासून येरवड्यापर्यंत चौकाचौकात तांबड्या दिव्यासमोर टेम्पो उभा करून डिझेल जाळले आहे. पुढचा दिवा कधी हिरवा होतो याकडे आपण डोळे लावून बसतो. तो दिवा तिथे उभा करायला काय पडले आणि तो रोज पेटता ठेवायला काय पडते, हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही. आपल्या एकेका युनिटचा आणि गोणीमागच्या अनुदानाचा हिशेब शहरातली माणसे तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यांच्या चौकातल्या खांबाचा हिशेब आपणही एकदा मांडून पाहावा, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

केंद्र सरकारने २०१५ साली स्मार्ट सिटी योजना काढली. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांत पुण्याची निवड झाली. या योजनेतून पुण्यात नव्या तऱ्हेचे सिग्नल बसवण्यात आले. चौकात किती गाड्या उभ्या आहेत ते कॅमेऱ्याने पाहून दिव्याची वेळ आपोआप कमीजास्त करणारी ही यंत्रणा आहे. छापून आलेले आकडे असे आहेत : सुमारे १२५ चौक, बसवण्याचा खर्च सुमारे १०२ कोटी रुपये, आणि पाच वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे ५८ कोटी रुपये.

कोटी म्हटले की आपले डोके चालेनासे होते. म्हणून भागाकार करू. बसवण्यासाठी एका चौकाला साधारण ८२ लाख रुपये. देखभालीला एका चौकाला वर्षाला साधारण ९ लाख २८ हजार, म्हणजे दिवसाला अडीच हजारांच्या थोडे वर.

आता हे आपल्या मापात घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाला. म्हणजे पुण्यातला एक चौक नुसता चालू राहण्यासाठी दर तीन दिवसांना एक क्विंटल कापूस खातो. वर्षाला १२० क्विंटल. शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू रानात बऱ्या पावसाच्या वर्षी एकरी पाच क्विंटल धरले, तर २४ एकरांचा सगळा कापूस, वेचणीची मजुरीसुद्धा न काढता, एका चौकाच्या देखभालीत जातो. बसवण्याचा खर्च निराळा. त्याला दोनशे एकरांहून जास्त रान लागेल. कापूस नको, ज्वारीत सांगा म्हणाल, तर मालदांडीचा हमीभाव त्याच हंगामाला ३,७४९ होता. वर्षाला अडीचशे क्विंटल ज्वारी होते. एवढी ज्वारी कर्जत-जामखेडच्या किती घरांच्या भाकरीला पुरेल ते प्रत्येकाने आपल्या कणगीवरून ठरवावे.

आता कोणी म्हणेल, संघटना सिग्नलच्या विरोधात निघाली. तसे अजिबात नाही. आपली पोरे त्याच शहरांत शिकतात, नोकरी करतात, मोटरसायकलवरून त्याच चौकातून जातात. सिग्नल नसला की कोण चिरडतो हे आम्हांला ठाऊक आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की या खर्चाकडे नीट पाहा. त्यात आपल्यासाठी एक धडा दडलेला आहे आणि तो शहरवाल्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे.

विजेचा खर्च किती?

आधी विजेचे पाहू, कारण शेतकऱ्याच्या नावाने सगळी ओरड विजेवरून असते. चार रस्त्यांचा साधा चौक घ्या. प्रत्येक बाजूला दोन या हिशेबाने आठ सिग्नल. प्रत्येकावर एका वेळी एकच दिवा पेटतो. जुन्या काळी आत गोळ्याचा बल्ब असे. तो ८० वॅटचा धरला तर आठांचे ६४० वॅट, आणि चोवीस तासांत १५ युनिट. आता एलईडी आले. एक दिवा १२ वॅटचा धरला तर आठ मिळून शंभरच्या आत, दिवसाला साधारण अडीच युनिट. आपली पाच हॉर्सपॉवरची मोटार एवढी वीज चाळीस मिनिटांत ओढते. वर्षाला पावणेनऊशे युनिट झाले. युनिटला दहा रुपये धरा, पावणेनऊ हजार रुपये होतात. कॅमेरे, कंट्रोलरची पेटी, इंटरनेटची जोडणी यांच्यासाठी तिप्पट करा, तरी सव्वीस हजारांच्या आसपास. साडेनऊ लाखांच्या जवळ जाणाऱ्या खर्चात वीज शंभराला तीन रुपयेही नाही.

मग बाकीचे जाते कुठे? ते जाते माणसांच्या पगारात, बदली सुट्या भागांत, खोदकामात तुटलेली केबल जोडण्यात, टेम्पोने ठोकलेला खांब सरळ करण्यात, सॉफ्टवेअरच्या शुल्कात, कॅमेऱ्याची काच पुसण्यात, नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसणाऱ्या पोराच्या मजुरीत, यंत्राच्या घसाऱ्यात, ठेकेदाराच्या कार्यालयाच्या भाड्यात आणि त्याच्या नफ्यात. यातली एकही बाब आम्ही खोटी म्हणत नाही. बैल आणणे सोपे, बैल पोसणे अवघड, हे कोरडवाहू माणसाला सांगायला नको. विहिरीवर मोटार बसवली म्हणजे काम झाले असे कोण समजतो? रिवाइंडिंग आहे, स्टार्टर आहे, उंदराने कुरतडलेली केबल आहे, वर्षाआड सडणारा फूटव्हॉल्व्ह आहे. बसवलेली वस्तू चालती ठेवायला दर वर्षी पैसा लागतो, आणि तो मोजलाच पाहिजे.

नेमके इथेच आम्हांला बोलायचे आहे. सिग्नलच्या हिशेबात जे मोजले जाते ते कापसाच्या हिशेबात का मोजत नाहीत?

दोन हिशेब, दोन मापे

कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या पातळ्यांवर काढतो. रोखीने आणि वस्तूने दिलेला खर्च, अवजारांचा घसारा, खेळत्या भांडवलाचे व्याज आणि बटाईने घेतलेल्या जमिनीचा खंड मिळून होतो तो 'ए-टू'. त्यात घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत घातली की 'ए-टू अधिक एफएल'. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की 'सी-टू'. त्याच्याही वर दहा टक्के व्यवस्थापनाचा मोबदला धरून 'सी-थ्री' अशीही पातळी पुस्तकात आहे. आम्ही शेतकी कॉलेजात असताना या सगळ्या पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या, गुणही घेतले. गावात आल्यावर कळले की हमीभाव ठरवताना सरकार दुसऱ्या पायरीवर थांबते. २०२५-२६ साठी कापसाचा खर्च ५,१४० रुपये धरला, त्यावर निम्मे चढवले आणि ७,७१० जाहीर करून दीडपट दिल्याचे सांगितले. हा खर्च 'ए-टू अधिक एफएल' आहे. जमीन तुझी आहे ना, मग तिचा खंड कसला? भांडवल तुझे आहे ना, मग त्याचे व्याज कसले?

हाच प्रश्न सिग्नलच्या ठेकेदाराला कोणी विचारते का? गाडी तुझी, गोदाम तुझे, भांडवल तुझे, मग ते सोडून बिल लाव, असे त्याला सांगून पाहा. दुसऱ्या दिवशी निविदेला एकही माणूस येणार नाही. सरकारी कामाच्या दरसूचीत ठेकेदाराचा नफा आणि वरकड खर्च आधीच घातलेला असतो. लांब मुदतीच्या कामांच्या करारात भाववाढीचे कलम असते. शिवाय जीएसटी वरून वेगळा. आणि हे बरोबरच आहे, त्याशिवाय कोण काम करील? आमचा ठेकेदारावर राग नाही. त्याला लागू होणारे अर्थशास्त्र पाथर्डीच्या बांधावर आले की बदलते कसे, एवढे आम्हांला सांगा.

दुसरी गोष्ट सरासरीची. ५,१४० हा देशभराचा आकडा आहे. ओलिताचा कापूस आणि आपला आभाळावरचा कापूस एकाच टोपलीत. उदाहरणापुरते धरा की एकरी २८ हजार खर्च आला. बियाणे, पेरणी, दोन खुरपण्या, कोळपण्या, खत, चार-पाच फवारण्या, वेचणी. ओलिताखाली एकरी आठ क्विंटल निघाले तर क्विंटलला साडेतीन हजार पडले. आपल्याकडे चार निघाले तर सात हजार. पावसाने ओढ दिली, गुलाबी अळी बसली आणि दोनच निघाले तर चौदा हजार. वेचणी थोडी कमी होईल, बाकी खर्च तोच. खर्च एकरावर होतो आणि भाव क्विंटलवर मिळतो, कोरडवाहू माणसाचे मरण या दोहोंच्या मध्ये आहे. चौकातून एखाद्या महिन्यात गाड्या कमी गेल्या म्हणून देखभालीचे बिल कमी होत नाही. आपले बिल मात्र आभाळ ठरवते.

आणि तो जाहीर भाव तरी हातात पडतो का? सीसीआयच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या पुढे निघाला की गाडी माघारी. २०२५ च्या ऑगस्टात, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने उठवले आणि ते डिसेंबरअखेरपर्यंत उठलेलेच ठेवले. आपल्यासाठी दिवा तांबडा आणि बाहेरच्या गाठींसाठी हिरवा.

फुकट कोण खाते?

एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ झाले. जाहीर करताना वर्षाला १४,७६० कोटींचा आकडा छापला गेला, आणि तेव्हापासून कोणत्याही लग्नात, कोणत्याही एसटीत तो आपल्या तोंडावर फेकला जातो. सूट-सबसिडीची मागणी आपण केली नव्हती. आपण घामाचे दाम मागितले होते. दाम दिले असते तर बिल आपण भरले असते. १९८६ ते १९८८ या आधारवर्षांचा हिशेब गॅट करारासाठी भारत सरकारने स्वतः मांडला, त्यात पिकांवरचा आधार उणे निघाला. म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्यापेक्षा त्याच्याकडून काढून घेतलेले जास्त. शरद जोशी इंडिया आणि भारत म्हणत ते हेच. कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी आपण भरतो. डिझेलवरचा कर भरतो. पुण्यातल्या त्या खांबात आपलाही कापूस आहे.

आणि ही माफीची वीज येते कधी? सौर फीडर जिथे झाले तिथे दिवसा मिळू लागली आहे. जिथे झाले नाहीत तिथे पाळी रात्रीची. शहरातला सिग्नल मध्यरात्रीनंतर पिवळा लुकलुकत विसावा घेतो, आणि त्याच वेळी आपला माणूस बॅटरी घेऊन, बिबट्याच्या धाकाने खाकरत, विहिरीवरच्या पाण्यावर ज्वारीला एक पाळी द्यायला निघालेला असतो.

उजेडाचेच आणखी एक सांगतो. महावितरणच्या दरपत्रकात पथदिव्यांचा एक वर्ग आहे, आणि वाहतुकीचे सिग्नल त्याच वर्गात बसतात. म्हणजे आपल्या वेशीवरचा दिवा आणि शहराच्या चौकातला दिवा कागदावर एका जातीचे. २०२१ च्या पावसाळ्यात थकबाकीपोटी राज्यातल्या अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडण्यात आली. साप-विंचवाचे दिवस, आणि गावेच्या गावे अंधारात. पुढे पंधराव्या वित्त आयोगाचा गावाला आलेला पैसा त्या बिलांकडे वळवायला सांगण्यात आले. गावाचा दिवा थकला की गावाच्याच विकासाच्या पैशातून फेडायचा. थकबाकीसाठी पुण्या-मुंबईचे सिग्नल एका रात्रीत काळे केले, असे कोणी ऐकले आहे का?

काळे होतात, पण दुसऱ्या कारणाने. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावांना जाऊन पाहा. खांब उभे आहेत, त्यांवर नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक लटकले आहेत, दिवे बंद आहेत. आम्ही एकदा एका शहरात (नाव सांगत नाही, तुमच्या ओळखीचे कोणतेही धरा) बंद सिग्नलखाली उभ्या असलेल्या वाहतूक हवालदाराला विचारले, हा कधीपासून बंद आहे? तो म्हणाला, "साहेब, मी इथे आलो तेव्हापासून." बदली होऊन त्याला तीन वर्षे झाली होती. दिवाही सरकारी आणि त्याच्याखाली हात हलवणारा माणूसही सरकारी. दोन्हींचा खर्च चालू, काम एकाचेच.

याचे कारण गूढ नाही. बसवायचा पैसा वरून अनुदानात येतो, चालवायचा पैसा गावाच्या गल्ल्यातून काढावा लागतो. बसवण्याला नारळ फुटतो, फोटो निघतो. जळालेला दिवा बदलला म्हणून कोणाचा हार-तुरा होत नाही. स्मार्ट सिटी योजना ३१ मार्च २०२५ ला संपली, देखभाल महापालिकांच्या अंगावर राहिली. आपल्याकडच्या उपसा सिंचन योजना आणि प्रादेशिक पाणीपुरवठा योजना अशाच मेल्या. पंप आहेत, पाइप आहेत, टाकी आहे, वीजबिल आणि दुरुस्तीला पैसा नाही. फरक एवढाच की योजना बंद पडली की दोष आपल्या माथी येतो, लाभधारकांनी पाणीपट्टी भरली नाही म्हणून. सिग्नल बंद पडला की दोष कोणाचाच नसतो.

हा रोग जुना आहे. जगातला पहिला वाहतूक दिवा लंडनला पार्लमेंटसमोर डिसेंबर १८६८ मध्ये लागला. तो गॅसवर चाले आणि पोलीस हाताने दांडा फिरवून रंग बदलत असे. महिनाभरातच गॅस गळून भडका उडाला, पोलीस भाजला, दिवा काढून टाकला. विजेवरचा सिग्नल अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात आला तो १९१४ साली. दिवा लावणे आणि दिवा सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साहेबाला दीडशे वर्षांपूर्वीच भाजून कळले होते.

माणसे मरतात कुठे?

सिग्नल कशासाठी? माणूस मरू नये म्हणून. मग माणसे मरतात कुठे ते पाहा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली साधारण ६८ टक्के ग्रामीण भागात. शंभरातले अडुसष्ट आपल्या बाजूला, आणि चौकाला ८२ लाख कुठे, ते वर पाहिलेच. आपल्याकडे फाटा असतो. नगर-मनमाड रस्ता असो की संभाजीनगरचा, पाथर्डीचा असो की सोलापूरचा, गावाचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे ना दिवा, ना चमकणारी पट्टी, ना पुढे फाटा आहे हे सांगणारा धड फलक. उसाचा ट्रक ऐंशीच्या वेगाने येतो आणि आपला माणूस दूध घालायला कॅन लटकवून मोटरसायकल आडवी घालतो. प्रत्येक तालुक्यात असा एक फाटा आहे ज्याचे नाव घेतले की बाया पदर तोंडाला लावतात.

आपलीही एक चूक इथे कबूल करू. दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे तांबडा दिवा नाही, चमकपट्टी नाही, अशा अवस्थेत रात्री रस्त्यावर येणारे ट्रॅक्टर आपलेच आहेत. त्यांना मागून धडकून मरणारेही बहुतेक वेळा आपलेच असतात. ट्रॉलीच्या मागच्या पट्टीला सरकारी निविदा लागत नाही. येत्या हंगामाआधी आपल्या सभासदांनी ती लावावी, मग सरकारला विचारायला तोंड राहील.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत तो असा. नगरमध्ये (नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, तरी आपल्या तोंडी नगरच आहे) आणि प्रत्येक नगरपालिकेच्या हद्दीत जिथे सिग्नल आहे तिथे खांबावर पाटी लावा : कोणत्या साली बसवला, किती रुपयांत, कोणत्या निधीतून, वर्षाची देखभाल किती, आणि बंद पडला तर जबाबदार कोण. रस्त्याच्या कामावर पाटी लागते, मग दिव्यालाच लाज कसली? नवा सिग्नल मंजूर करताना पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा आधी बाजूला दाखवा, नाहीतर मंजुरी देऊ नका. आणि जिल्ह्यातल्या महामार्गांवरच्या फाट्यांना, जिथे माणसे मेली आहेत त्या क्रमाने, सौर लुकलुकता दिवा, खडखड्या पट्ट्या आणि फलक लावा, तेही देखभालीच्या तरतुदीसह.

ठराव करून घरी जायचे नाही. माहितीचा अधिकार मिळवण्यात आपल्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा वाटा आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे दहा रुपयांत अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत्येक तालुक्याने आपल्या नगरपालिकेकडे सिग्नलचा एक आणि बांधकाम खात्याकडे फाट्यांचा एक, असे दोन अर्ज बैठकीआधी टाकावेत. पोच जपून ठेवावी.

आणि दुसरे काम प्रत्येकाचे घरचे. बैठकीला येताना गेल्या हंगामातल्या एका एकर कापसाचा किंवा ज्वारीचा खर्च कागदावर लिहून आणा. पण तो सिग्नलच्या ठेकेदारासारखा लिहा. बियाणे-खत तर लिहाच, त्याशिवाय घरच्या बाईची खुरपणी मजुरीच्या चालू दराने, स्वतःची रात्रीची राखण, जमिनीचा खंड, बैलाची वर्षाची वैरण, अवजारांचा घसारा, सावकाराचे आणि स्वतःच्या पैशाचेही व्याज, बाजाराला मारलेल्या खेपांचे भाडे, आणि शेवटी दहा टक्के व्यवस्थापन. खाली किती क्विंटल निघाले आणि काय भावाने गेले ते लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पोरांकडून लिहून घ्यावे. तालुकावार कागद वेगळे ठेवायचे आहेत, म्हणून वर तालुक्याचे नाव आणि रान कोरडवाहू की ओलिताचे एवढे विसरू नये.